'तर' आणि 'उतार' एकच का? नदी-खाडी ओलांडण्याचे दोन शब्द

खाडीपल्याड

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्यातल्या जुन्या वाटांवर एक पुस्तिका काढायचं चाललंय. गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलून, जुने नकाशे बघून मंडळींनी छान मजकूर जमवलाय आणि तो तपासायचं काम माझ्याकडे आलंय. त्यात एक गोष्ट खटकली, म्हणून हा धागा. माणसं बोलताना कुठे 'तर' म्हणालीत, कुठे 'उतार'. लिहिणाऱ्यांनी मात्र दोन्हीचं सरसकट 'नदी ओलांडण्याचे ठिकाण' करून टाकलंय. वाचकाला सोपं जावं म्हणून, असं त्यांचं म्हणणं.

मला हे अजिबात पटत नाही. उतार नसतो तिथेच 'तर' लागते. तरीत होडी, उतारात आपले पाय. दोन्ही पुसून एक केलं तर ती वाट कशी होती, हेच वाचकाला कळणार नाही.

आमचं गाव दाभोळच्या खाडीच्या धोपावे बाजूला आणि आजोळ पल्याड. 2003 साली गाड्या नेणारी फेरीबोट सुरू झाली, त्याआधीची तर मला चांगली आठवते. ती पल्याडच्या काठाला असली की अल्याडून कुकारा घालायचा. वारा उलटा असला की कुकारा पोचायचा नाही, मग कोणीतरी छत्री उघडून वरखाली हलवायचं. सुकतीला पाणी मागे गेलं की होडी धक्क्यापर्यंत यायची नाही. चपला हातात घेऊन गाळातून चालत जायचं आणि मग तिच्यात चढायचं. आमच्याकडे होडीही तर आणि ती लागते ती जागाही तरच. 'तर सुटली', 'तरीवर जाऊन थांब', दोन्ही चालतं.

उतार हा शब्द कोकणात मी ऐकलाय तो नदीच्या वरच्या अंगाला, भरतीचं पाणी पोचत नाही तिथे. खाडीत कोणी उतार म्हणत नाही. तुमच्याकडे कसं आहे ते सांगा. शब्द वापरातला हवा, कोशातला नको.

कृष्णाकाठ

ताई, धागा काढलात हे बरं झालं. आमच्याकडे, म्हणजे वाळव्याच्या बाजूला, 'तर' कानावर येत नाही. 'नाव' म्हणतात. 'नाव लागली का?' असं विचारतात. उतार मात्र घरातला शब्द आहे, त्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण शहरातली माणसं उतार म्हणजे नुसतं उथळ पाणी समजतात.

उतार बघताना पाण्याच्या आधी तळ बघतात. वाळू-गोटे असले तर मांडीभर पाण्यातूनही बैलगाडी जाते. गाळ असला तर घोटाभर पाण्यात चाक रुतून बसतं. नदी वळते तिथे बाहेरच्या अंगाला काठ तुटतो आणि डोह पडतो. दोन वळणांच्या मधे पात्र पसरलं की पाणी सगळीकडे पातळ होतं, उतार तिथे सापडतो. म्हणजे पात्र रुंद दिसतं तिथून उतरायचं, अरुंद दिसतं तिथून नाही. परका माणूस नेमकं उलटं करतो. पलीकडचा काठ जवळ दिसला की तिथूनच घुसतो आणि चार पावलांत त्याचा ठाव सुटतो.

शिवाय उतार नाकासमोर नसतो, बहुतेक वेळा तिरका असतो. अलीकडे या बाभळीपाशी पाण्यात शिरायचं आणि पलीकडे खालच्या मळ्यापाशी निघायचं, अशा त्याच्या खुणा असतात. पुराने तळ हलला की त्या खुणा बदलतात. पाऊस ओसरल्यावर पहिल्यांदा उतरणारा जाणता माणूस काठी टोचत, ठाव घेत जायचा आणि गाड्या त्याच्या मागून. पाण्याचं माप अंगावर: घोटाभर, गुडघाभर, मांडीभर, कंबरभर, छातीभर. पण नुसतं माप सांगून भागत नाही, ओढ किती तेही सांगावं लागतं. ओढीचं मांडीभर पाणी संथ छातीभर पाण्यापेक्षा वाईट.

पावसाळ्यात उतार बंद आणि नाव चालू. महापुरात नावही पुरी पडत नाही, तेव्हा गुळाची काहील पाण्यात टाकून तीत बायका-पोरं बसवतात. आमच्या भागात हे पुष्कळांनी डोळ्यांनी बघितलंय.

सह्यकडा

छान धागा. वाचतेय. कोकणात उतार आणि तर यांच्या जोडीला 'साकव' पण लिहा. वहाळावर टाकलेला लाकडी साकव ही तिसरीच गत, त्यात पायही भिजत नाहीत आणि होडीही लागत नाही.

मोडीतला

खाडीपल्याड, तुमचा मुद्दा योग्य आहे, आणि इतिहासाच्या अंगाने तर तो फार महत्त्वाचा आहे. जुन्या पत्रांत नदी 'पायउतार' झाली की नाही याची चौकशी पुन्हा पुन्हा येते. आज आपण मंत्री पायउतार झाला म्हणतो. तेव्हा नदी पायउतार व्हायची, म्हणजे पायी उतरण्याजोगी व्हायची. फौज हलवणाऱ्याला ही बातमी शत्रूच्या बातमीइतकीच मोलाची. नावांतून माणसं जातात, पण हजारो घोडी, उंट, तोफा, बाजारबुणगे पार करायला नावा कुठून आणणार? त्यासाठी एक तर उतार हवा, नाही तर नावांचा पूल.

पानिपतची सगळी मोहीम या दृष्टीने वाचून बघा. 1759 मध्ये दत्ताजी शिंदे गंगेकाठी शुक्रतालला अडकून पडले, ते गंगेवर नावांचा पूल बांधून देतो या नजीबाच्या बोलण्यावर विसंबून. पावसाळा त्यातच गेला. पुढे 10 जानेवारी 1760 ला बुराडी घाटावर दत्ताजी पडले, तेव्हा काम होतं यमुनेचे उतार राखण्याचं. हिवाळ्यात यमुना आटते, पात्रात बेटं आणि शेरणीची झुडपं उघडी पडतात. तिथे नदीची आड राहत नाही. त्याच वर्षी पावसाळ्यात हीच यमुना दुथडी भरून वाहत होती आणि मराठे एका काठाला, अब्दाली दुसऱ्या काठाला बसून होते. ऑक्टोबरात भाऊसाहेब उत्तरेला कुंजपुऱ्याकडे गेले, 17 तारखेला कुंजपुरा घेतला, आणि 25 ऑक्टोबरच्या सुमारास अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली. पाणी तेव्हाही बरंच होतं, त्याची पुष्कळ माणसं वाहून गेली. पण फौज पार झाली आणि मराठ्यांचा दिल्लीशी असलेला रस्ता तुटला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

आता हेच वाक्य 'अब्दालीने नदी ओलांडण्याचे ठिकाण गाठले' असं लिहून बघा. काहीच कळत नाही. त्याला उतार सापडला, हीच तर बातमी आहे.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं, राक्षसभुवन. 10 ऑगस्ट 1763. निजामअली औरंगाबादेकडे निघाला होता, गोदावरीला पाणी चढलेलं. तो स्वतः काही फौजेनिशी पलीकडे गेला आणि दिवाण विठ्ठल सुंदर उरलेली फौज घेऊन अलीकडेच राहिला. माधवराव आणि राघोबादादांनी त्याला तिथे गाठलं. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि निजामाला पलीकडच्या काठावरून मदत पाठवता आली नाही. उतार असलेल्या नदीवर असं होत नाही, फौज तासाभरात मागे फिरते. भर श्रावणातल्या गोदावरीने फौजेचे दोन तुकडे केले आणि ते दिवसभर जोडता आले नाहीत.

शब्दवेडी

मोडीतला, प्रतिसाद अप्रतिम. पण मला एक अडचण वाटते. 'उतार म्हणजे पायी' हे इतकं सरळ नाही. आपण प्रवाशाला 'उतारू' म्हणतो. एसटीचा, रेल्वेचा. आणि त्याआधी होडीचा! तरीत बसतो तोही उतारूच. 'नावांनी उतरून पलीकडे गेले' असं जुन्या मराठीत सर्रास सापडतं. मग उतार फक्त पायाचा कसा?

मुळाशी गेलं तर दोन्ही शब्द एकाच घरचे. संस्कृत 'तॄ' धातू, तरून जाणे, पार होणे. त्यातून 'तर', 'तारू', 'तरणे'. 'उद्' लागून 'उतरणे', 'उतार'. 'अव' लागून 'अवतार', म्हणजे खाली उतरून येणं. आणि 'तीर्थ' सुद्धा याच धातूचं. तीर्थ म्हणजे मुळात पाण्यात उतरायची, पार व्हायची जागा. मग तिथे स्नान आलं, देऊळ आलं, यात्रा आली. जैनांचे तीर्थंकर म्हणजे संसारातून पार व्हायला असा उतार करून देणारे. संतांच्या बोलण्यात भवनदी आहे आणि ती तरायला तारू आहे, तेही इथलंच. एवढं सगळं एका धातूत असताना दोन शब्दांमध्ये पक्की भिंत घालावी का?

खाडीपल्याड

शब्दवेडीताई, हा मुद्दा मला फार आवडला, आणि माझं उत्तर त्यातच आहे असं वाटतं. 'उतरणे' हे क्रियापद दोन्हीला चालतं: नावेतून उतरा, पायी उतरा, घोड्यावरून उतरा. म्हणून 'उतारू' दोन्हीकडे. पण 'उतार' हे नाम, जागेचं नाव म्हणून वापरतो तेव्हा ते पायाचंच. 'इथे उतार आहे का?' असं कोणी विचारलं तर त्याला होडी नको असते, होडीशिवाय जाता येईल का हे हवं असतं. आणि 'इथे तर आहे का?' विचारणाऱ्याने पाणी खोल आहे हे धरूनच चाललेलं असतं. मूळ एक असलं म्हणून आजचा अर्थ एक होत नाही. तीर्थ आणि तारू एका धातूचे, पण कोणी तारवाला तीर्थ म्हणत नाही.

शब्दवेडी

क्रियापद सैल, नाम नेमकं. पटलं. पुस्तिकेत ही एक ओळ जरूर घाला.

शिवोलीकर

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे 'तार' म्हणतात, र च्या आधी आ. म्हापशाला एक भागच 'तार' नावाचा आहे, आमच्या शिवोलीतही 'तार' आहे. शिवोलीची तार चोपड्याला जायची, आता तिथे पूल आहे. होडी गेली, फेरी गेली, जागेचं नाव मात्र तारच. चालवणारा तो 'तारी'. हे आडनाव गोव्यात आणि सिंधुदुर्गात अजून आहे.

मोठ्यांकडून मांडवीवरच्या फेरीची एक हकीकत नेहमी ऐकतो. पणजी-बेतीचा पूल झाल्यावर त्या फेरीकडे लोकांनी पाठ फिरवली होती. 5 जुलै 1986 ला तो पूल कोसळला. भर पावसाळ्यात बार्देश आणि पेडण्याची माणसं पुन्हा फेरीच्या रांगेत उभी राहिली. शाळेची मुलं, मासळीवाल्या, सरकारी नोकर, सगळी. तिथे दुसरा इलाज नव्हताच. मांडवीच्या मुखाशी उतार कुठला? दिवाडी, चोडण या बेटांवरच्या माणसांचं तर अख्खं वेळापत्रक फेरीवर. घरातला आजारी माणूस, लग्नाचा मुहूर्त, परीक्षेचा तास, सगळं शेवटच्या फेरीच्या हिशेबाने. उताराच्या गावाला पावसाची चिंता, तारीच्या गावाला वेळेची.

कृष्णाकाठ

+१. शेवटचं वाक्य अगदी खरं.

सह्यकडा

एक शंका. 'फेरी' हा इंग्रजीच ना? मग तर, तार सोडून आपण तो का धरलाय?

शिवोलीकर

फेरीबोटीतला इंग्रजीच. पण मराठीत 'फेरी' म्हणजे खेप, चक्कर हा शब्द आधीच होता, 'दिवसाला आठ फेऱ्या' वगैरे. दोन्ही एकमेकांत इतके मिसळले की आता कोणाला तो परका वाटत नाही. माझ्या मते तो टिकला याचं हेच कारण. फेरी दोन काठांत फेऱ्याच मारते.

फरशीपूल

सार्वजनिक बांधकामात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. चर्चा शब्दांची असली तरी जमिनीवर हा फरक आजही दिसतो, तो असा.

ग्रामीण भागात आपण ज्याला 'फरशी' म्हणतो, म्हणजे पात्रात जवळजवळ तळालाच टाकलेली काँक्रीटची बुटकी वाट, पुरात जिच्यावरून पाणी जातं, ती बहुतेक जुन्या उतारावर असते. कारण उघड आहे. तिथे तळ पक्का, पाणी पसरलेलं आणि पातळ, दोन्ही काठांना गाडीवाट आधीच पडलेली. नव्याने जागा शोधायची गरज नाही, बैलांनी ती शेकडो वर्षांपूर्वी शोधून ठेवलेली असते. फरशी म्हणजे पक्का केलेला उतार. म्हणूनच तिचा स्वभावही उताराचा, पूर आला की बंद. लोक मात्र तिला 'पूल' म्हणतात आणि पुलाच्या भरवशाने पाण्यात गाडी घालतात. दरवर्षी पावसाळ्यात अशा बातम्या वाचतो तेव्हा फार वाईट वाटतं. पाणी फरशीवरून चढलेलं असताना तिथे उतार राहिलेला नसतो. हातभर पाण्याची ओढ मोटारीला बाजूला ढकलते, आणि खाली फरशी शाबूत आहे की वाहून गेली हे वरून दिसत नाही. जुना माणूस काठी टोचून ठाव घ्यायचा. मोटारीत बसलेला घेत नाही.

नाशिकला गोदावरीवरचे दगडी 'सांडवे' हाही याच जातीचा प्रकार. पाणी कमी असताना वरून चालत जायचं. तिथे सांडव्यावरची देवी आहे, नावातच जागा आली. आणि कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पाणी अडवण्यासाठी बांधले, पण गावांनी त्यांचा पलीकडे जायला रस्ताच केला.

'तर' असते तिथे यातलं काही चालत नाही. खोल पाणी, गाळाचा तळ, भरती-ओहोटी. खांब खोल न्यावे लागतात, पूल उंच हवा कारण खालून होड्या जायच्या असतात. म्हणून कोकणातल्या मोठ्या खाड्यांवर पूल इतके उशिरा आले. बाणकोटची सावित्री, दाभोळची वाशिष्ठी, जयगडची शास्त्री, राजपुरीची खाडी: आजही वेश्वी-बागमांडला, धोपावे-दाभोळ, तवसाळ-जयगड, आगरदांडा-दिघी इथे गाडी बोटीत घालूनच जातात. मुंबईहून मांडव्याला मार्च 2020 मध्ये रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट, सुरू झाली. नाव बदललं, बोट मोठी झाली, कारण तेच राहिलं.

वहिवाट

वकिली करतो, म्हणून कायद्याचं एक टोक जोडतो. तरीला मालक असतो, उताराला नसतो. 1868 चा मुंबई प्रांताचा फेरी कायदा आहे, त्याने सरकारला सार्वजनिक फेऱ्या ठरवायचे, त्यांचे दर बांधून द्यायचे आणि त्या मक्त्याने द्यायचे अधिकार मिळाले. म्हणजे तरीचा लिलाव होतो, मक्तेदार येतो, भाडं ठरतं, होडीत किती माणसं घ्यायची ते ठरतं, बुडाली तर जबाबदार कोण हे विचारता येतं. त्याआधी गावाने नावाड्याला सुगीला धान्य द्यायचं अशी रीत होती, तोही एक करारच.

उतारावर यातलं काही नाही. पाण्यात पाय घालायला कोणी पैसे मागत नाही, आणि वाहून गेलात तर जबाबदारही कोणी नाही. सरकारी दप्तरात तरीचे कागद सापडतात, कारण तिथे पैसा होता. उतारांची नोंद फार थोडी. खाडीपल्याड, तुमच्या पुस्तिकेतले उतार तुम्ही आत्ता माणसांच्या तोंडून लिहून घेतले नाहीत तर ते दुसरीकडे कुठे मिळायचे नाहीत. तरीच्या जागा पुन्हा शोधता येतील.

मोडीतला

याला दुजोरा. लष्करी पत्रांत उतार येतात, पण ते मोठ्या नद्यांचे. गावच्या ओढ्या-नद्यांचे नाहीत.

उजनीपाणी

करमाळा तालुक्यातून. आमच्याकडे हा फरक एका पिढीत घडला. उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं. त्याआधीची भीमा म्हातारी माणसं सांगतात ती उन्हाळ्यात पायी ओलांडायची. सोयरीक पलीकडच्या काठाला, बाजार पलीकडे, बैल घेऊन सकाळी जायचं आणि दिवेलागणीला परत. जलाशय भरला आणि तेच पलीकडचं गाव दूर गेलं. रस्त्याने जायचं तर मोठा वळसा. मग होड्या सुरू झाल्या, पुढे त्यांना इंजिन बसलं, मोटारसायकलीही त्यात घालून नेतात.

21 मे 2024 ला कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली. सहा जीव गेले. त्यात लहान मुलं होती. त्यानंतर पुलाची मागणी, लाइफ जॅकेट, परवाने यांवर पुष्कळ बोलणं झालं. मला इथे एवढंच मांडायचंय की आमच्या आज्यांनी 'उतार' ऐकून-वापरून आयुष्य काढलं आणि आमच्या मुलांना तो शब्दच माहीत नाही. त्यांच्यासाठी नदी म्हणजे बोटीचंच पाणी. पाणी ओसरलं की जुनी गावठाणं, देवळं उघडी पडतात, लोक बघायला येतात, फोटो काढतात. जुन्या उताराच्या वाटाही तेव्हा दिसतात, दोन्ही काठांनी खाली गेलेल्या गाडीवाटा, पण त्यांच्याकडे कोणी बघत नाही. कोणाला जमलं तर त्या नोंदवून ठेवा.

कृष्णाकाठ

दादा, वाचून गलबललं. उन्हाळ्यात पाणी उतरेल तेव्हा फोनवरून त्या वाटांची जागा नोंदवून ठेवता येईल. शेजारी जुन्या माणसाला उभं करून कुठे शिरायचं, कुठे निघायचं ते विचारून घ्या. नुसता फोटो उपयोगाचा नाही, तिरकी रेघ कळली पाहिजे.

उजनीपाणी

करतो. आमचे एक चुलते अजून सांगू शकतील असे आहेत.

खाडीपल्याड

सगळ्यांचे मनापासून आभार. आज मंडळींची बैठक झाली, धागा त्यांना वाचून दाखवला. 'नदी ओलांडण्याचे ठिकाण' काढून टाकायचं ठरलं. आता प्रत्येक जागेची नोंद अशी करणार आहोत: तर असेल तर कुठून कुठे, होडी कोणत्या काठाला मुक्कामी असायची, सुकतीला चालायची का, मक्ता होता का, कधी बंद पडली आणि कशामुळे. उतार असेल तर तळ कसला, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, माणसाचा की गाडीचाही, शिरायची आणि निघायची खूण कोणती, आता तिथे फरशी आहे की पूल की धरणाचं पाणी. एकाच जागी पावसाळ्यात तर आणि उन्हाळ्यात उतार असेल तर दोन्ही नोंदी, वेगवेगळ्या.

साकवांची यादी वेगळी करतोय, सह्यकडाताई.

फरशीपूल

तक्त्यात एक रकाना वाढवा: उताराच्या वरच्या अंगाला बंधारा किंवा धरण आहे का. पाणी सोडलं की कोरडा उतार थोड्या वेळात कंबरभर होतो, आणि काठावरच्या माणसाला पावसाचा थेंबही दिसलेला नसतो.

खाडीपल्याड

वाढवला.